हातभर नळ्या, बोटभर झडपा

आमच्या घरात मोटार आली ती तशी उशिराच. वडिलांची सारी नोकरी सायकलवर झाली आणि आमची पहिली पंधरा वर्षे स्कूटरवर गेली. २०२२ साली कर्मचारी पतपेढीचे कर्ज काढून आम्ही आठ वर्षे वापरलेली एक पेट्रोल मोटार घेतली. हौस होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वस्तीत रात्री-अपरात्री कुणाचे दुखले-खुपले की रिक्षा मिळेपर्यंत जीव कसा टांगणीला लागतो, हे आम्ही अनेकदा पाहिले होते. तेव्हा ही मोटार घराची कमी आणि वस्तीची जास्त असेल, असे आम्ही घरी सांगून ठेवले. आमच्या मंडळी म्हणाल्या, "पेट्रोल कोण भरणार ते आधी सांगा." त्याचे उत्तर आमच्याजवळ अजूनही नाही.

इंजिन एक लिटरचे, तीन सिलिंडरचे आणि टर्बो बसवलेले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगायचे आहे तो दोष कंपनीचा नव्हता. रबराच्या वयाचा होता, आणि काही अंशी आमचा.

गोष्ट २०२४ च्या ऑगस्टमधली. वस्तीतल्या एका आजींना मुंबईच्या इस्पितळात दाखवून आम्ही नाशिकला परत येत होतो. पुढे आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा. मागे आजी आणि आमच्या मंडळी. कसारा घाट लागला. पाऊस बारीक, धुके दाट. पुढे एक टँकर रखडत चढत होता. आम्ही तिसरा गिअर टाकला, अॅक्सिलरेटर दाबला, टर्बोने जोर धरला आणि टँकर मागे टाकला. वळण संपते न संपते तोच समोर बंद पडलेला टेम्पो! मागचे दिवेही नाहीत. आम्ही ब्रेकवर पाय दिला, तर पेडल दगडासारखे. पाय खाली जाईचना. दादांनी हँडब्रेक ओढला, आम्ही दोन्ही पाय पेडलवर रोवले. एक क्षण सोडून पुन्हा दाबले तेव्हा पेडल एकदम मऊ झाले आणि गाडी टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली. चढ होता म्हणून वाचलो. आजींना झोप लागली होती, त्यांना काही कळले नाही. "आलं का इगतपुरी?" एवढेच त्यांनी विचारले.

ब्रेक उताराला दगा देतात, असे सगळे जग मानते. आमच्या ब्रेकने चढाला दगा दिला. ही गोष्ट त्या दिवशी आमच्या ध्यानात आली असती तर पुढचे पंधरा दिवस वाया गेले नसते.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मंडळींनी ब्रेक पॅड पाहिले, ब्रेक ऑइल पाहिले, गाडी जागेवर उभी करून पेडल दाबले, एक फेरी मारून आणली. सगळे ठीक. "साहेब, पावसात पाय घसरला असेल," असे आम्हाला ऐकवण्यात आले. मग बॉनेट उघडलेच आहे म्हणून त्यांनी हवा आत नेणारा जाड पाईप सोडवला. आत तेल दिसले. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेलाही तेल पाझरलेले होते. लगेच निदान झाले की टर्बोचे सील गेले आहे, टर्बो बदलावा लागेल, मजुरीसह ६५ हजार रुपये. आम्ही बी.कॉम. झालेलो आहोत, आयुष्य खतावण्या लिहिण्यात गेले. ६५ हजार म्हणजे पतपेढीचे किती हप्ते, हे गणित आमच्या डोक्यात गॅरेजच्या दारातच सुटले.

घरी आल्यावर ओट्यावर ही चर्चा चालली असता आमची पुतणी, दादांची धाकटी मुलगी, आतून चहा घेऊन आली. तिने एकच प्रश्न विचारला, "काका, ब्रेक कडक झाला तेव्हा त्याच्या आधी तुम्ही अॅक्सिलरेटर दाबून धरला होता का?"

वाचकहो, पंधरा दिवसांत हा प्रश्न आम्हाला कुणीही विचारला नव्हता.

इथे थोडे मागचे सांगितले पाहिजे. या मुलीने दहावीनंतर आयटीआयला जायचा हट्ट धरला होता, तोही मेकॅनिक मोटर व्हेईकल या ट्रेडला. घरात सर्वांत जास्त विरोध कुणी केला असेल, तर तो आम्ही. सावित्रीमाईंच्या जयंतीला मुलींच्या शिक्षणावर तासभर बोलणारे आम्ही दादांना म्हणालो होतो, "पोरगी ग्रीसमध्ये हात घालणार का? कॉमर्सला टाका, ऑफिसात बसेल." आम्ही कॉमर्सचा फॉर्म आणूनही दिला होता. तिने तो फॉर्म वहीला कव्हर घालायला वापरला. दोन वर्षांचा कोर्स पुरा करून ती पास झाली. परंतु नोकरी मिळाली ती दुचाकीच्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, ग्राहकांची जॉबकार्डे लिहायची. पान्याला हात लावायची वेळ तिथे तिच्यावर क्वचितच येई. ऑफिसात बसेल, हे आमचे भाकीत अशा रीतीने खरे ठरले.

तर ती चहाचा ट्रे बाजूला ठेवून आम्हाला समजावू लागली. आम्ही ते आमच्या भाषेत सांगतो.

पेट्रोल इंजिन म्हणजे एक प्रकारचे हवा ओढणारे यंत्र. आपण अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेची वाट जवळजवळ बंद होते. इंजिन मात्र ओढतच राहते. त्यामुळे आतल्या नळीत, जिला मॅनिफोल्ड म्हणतात, तिथे बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब कमी होतो. हाच व्हॅक्यूम. ब्रेकमागे जो पत्र्याचा मोठा डबा असतो, त्या बूस्टरला हा व्हॅक्यूम एका नळीने पोहोचवलेला असतो. डब्यात रबरी पडदा असतो. आपण पेडल दाबले की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम असतोच, आणि बाहेरची हवा पडद्याला ढकलून आपल्या पायाला मदत करते. आम्ही तिथल्या तिथे गणित केले. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो धरला तर १८८ किलोचा रेटा! म्हणजे इतके दिवस आम्ही ब्रेक दाबत होतो असे नव्हे. तीन माणसे आमच्या पायावर पाय ठेवून दाबत होती. घाटात ती तिघे उतरून गेली आणि आम्ही एकटे उरलो.

पण ती उतरली का? इथे टर्बो येतो. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या एका स्विस इंजिनिअरने इंजिनाच्या धुराच्या जोरावर हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. त्या कल्पनेचे हे आजचे रूप. धुराच्या झोताने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावर दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. म्हणजे ज्या मॅनिफोल्डमध्ये पाय काढल्यावर व्हॅक्यूम असतो, तिथेच पाय दाबल्यावर उलट दाब तयार होतो. आत्ता ओढतो, पुढच्या क्षणी ढकलतो. काही गाड्यांत ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आमच्या गाडीत तो नाही. मग हा दाब बूस्टरमध्ये शिरू नये म्हणून नळीत एक बोटभर झडप असते, चेक व्हॉल्व्ह. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको: पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. आमच्या पिढीला तर सायकलच्या ट्यूबमधली व्हॉल्व्हची रबरी नळी आठवेल. हवा आत जाते, बाहेर येत नाही. इथे उलटे, हवा बूस्टरमधून इंजिनाकडे जाऊ शकते, इंजिनाकडून बूस्टरकडे येऊ शकत नाही. हिशेबनिसाच्या भाषेत बूस्टर म्हणजे राखीव निधी, आणि चेक व्हॉल्व्ह म्हणजे तो दुसऱ्या खात्यात वळवू न देणारा नियम.

ती झडप गळकी झाली होती. टँकर ओलांडताना आम्ही टर्बोचा दाब चढवला, तो गळक्या झडपेतून बूस्टरमध्ये शिरला, राखीव व्हॅक्यूम संपला आणि नेमक्या त्याच क्षणी आम्हाला ब्रेक हवा होता. पाय काढल्यावर एक-दोन सेकंदांत व्हॅक्यूम परत आला, म्हणून दुसऱ्यांदा पेडल मऊ लागले. उताराला अॅक्सिलरेटर सुटलेला असतो, व्हॅक्यूम भरपूर असतो, म्हणून तिथे ब्रेक उत्तम. गॅरेजवाल्यांनी गाडी उभी करून पाहिली, त्यांना काय सापडणार!

"आणि टर्बो?" दादांनी विचारले. मुलीशी गाडीबद्दल ते पहिल्यांदाच बोलत असावेत.

"पप्पा, टर्बो गेलाय असं आत्ताच म्हणता येत नाही. आधी दुसरी झडप बघू."

दुसरी झडप इंजिनाच्या पोटातल्या वाफांची. सिलिंडरच्या रिंगांमधून थोडा धूर नेहमीच खाली, तेलाच्या बाजूला निसटतो. तो कोंडून राहू नये म्हणून एका नळीने तो परत मॅनिफोल्डकडे नेतात, की पुन्हा जळून जावा. त्या वाटेवरही चेक व्हॉल्व्ह असतो, कारण टर्बोने दाब धरला की मॅनिफोल्डमधली हवा उलटी इंजिनाच्या पोटात शिरेल. अशा वेळी वाफा दुसऱ्या नळीने टर्बोच्या आधीच्या पाईपकडे जातात. पहिली झडप गळकी झाली की इंजिनाचे पोट फुगते, सील आणि गॅस्केटच्या कडेने तेल बाहेर पाझरते. टर्बोला दिलेले तेलही खाली नीट उतरत नाही, तेही पाझरते. पाहणाऱ्याला वाटते, टर्बो गेला. पोटात वायू धरलेल्या माणसाच्या छातीत दुखावे आणि डॉक्टरने थेट हृदयाचे ऑपरेशन सांगावे, तसा हा प्रकार.

रविवारी सकाळी गाडी अंगणात घेतली. आदल्या रात्रीपासून ती सुरू केली नव्हती. टर्बोचा भाग इतका तापतो की गरम इंजिनात हात घालायचा नाही, ही तिची पहिली अट होती. दुसरी अट अशी की एका वेळी एकच नळी काढायची, ती बसवल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. आधी मोबाईलवर फोटो काढले, मग आम्ही फुलस्केप कागदावर नकाशा काढून प्रत्येक नळीला चिकटपट्टीने क्रमांक दिला. अशा कामात आम्ही तरबेज! एकूण सात नळ्या निघाल्या. त्यांतली एक बोटाने वाकवली तर तिच्यावर कोरड्या तळ्यासारख्या भेगा दिसल्या. ही बूस्टरचीच नळी. आठ-दहा महिने सिग्नलला गाडी थरथरत होती, बॉनेटमधून किटलीसारखी बारीक शिट्टी येत होती. आमच्या मंडळींनी दोनदा सांगितलेही होते. आम्ही गाण्यांचा आवाज वाढवला होता.

बूस्टरची झडप काढून तिने स्वच्छ पुसली आणि एका बाजूने फुंकले. हवा गेली. दुसऱ्या बाजूने फुंकले. तरीही गेली! "बघा काका, ही आता झडपच राहिली नाही, नुसती नळी आहे." तेलाच्या वाफांनी आतली रबरी चकती फुगून वाकडी झाली होती. दुसरीचीही तीच गत. शेजारचा एक मुलगा मदतीला आला होता. गळती शोधायला इंजिन चालू करून नळ्यांवर पेट्रोल शिंपडू या, असे तो म्हणाला. आमची पुतणी त्याच्यावर अशी ओरडली की दादा दचकून उभे राहिले. गरम इंजिनाजवळ पेट्रोल म्हणजे चितेची तयारी. तिची पद्धत साधी आहे. रबरी पाईपचा दोन फुटी तुकडा घ्यायचा, एक टोक कानाला, दुसरे नळ्यांवरून फिरवायचे. गळती असेल तिथे फुसफुस ऐकू येते.

नळ्या आणायला आम्ही स्वतः द्वारकेकडे गेलो आणि तिथे आमचे बी.कॉम. उघडे पडले. दुकानदाराने पारदर्शक स्वस्त पाईप दाखवला, आम्ही दोन मीटर घेतला, पन्नास रुपये वाचवले म्हणून खूश होऊन आलो. तिने तो पाईप गरम पाण्यात धरला, एका टोकाला अंगठा लावून दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढला. पाईप आतल्या आत चपटा झाला. "काका, पाण्याचा पाईप आतून ढकलला जातो, व्हॅक्यूमचा बाहेरून दाबला जातो. हा गरम झाला की मिटून बसेल आणि ब्रेक पुन्हा जाईल." पुन्हा गेलो, या वेळी तिला बरोबर घेऊन. तिने बूस्टरसाठी जाड भिंतीची, आत धाग्याचे विणकाम असलेली नळी घेतली. बारीक, चार मिलिमीटरच्या नळ्यांसाठी सिलिकॉनची, कारण ती उष्णता सोसते. वाफांच्या वाटेवर मात्र सिलिकॉन नको म्हणाली. तेलाने ते फुगते, तिथे तेल सोसणारे रबर किंवा मूळ घडीव नळीच हवी. माप जुन्या नळीच्या तोंडाचे घ्यायचे नाही, कारण ते वापरून सैल झालेले असते. ज्या टोकावर नळी बसते त्याचे घ्यायचे. दुकानदार आधी आमच्याकडे पाहून बोलत होता. नंतर तिच्याकडे पाहून बोलू लागला.

जुन्या नळ्या ओढून काढायच्या नसतात, हेही आम्हाला उशिरा कळले. आम्ही एक ओढली आणि प्लास्टिकची टी-जोडणी कडकन मोडली. त्यानंतर आमच्याकडे फक्त टॉर्च धरण्याचे काम राहिले. ती ब्लेडने नळीला लांबीत चीर देऊन सालीसारखी सोलून काढत होती. नव्या नळीची लांबी जुनीएवढीच; लांब ठेवली तर मुडपते, आखूड ठेवली तर ताणून फाटते. टर्बोच्या जवळून जाणाऱ्या नळीवर उष्णता अडवणारे वेष्टण, आणि जिथे दाब येतो तिथे प्रत्येक टोकाला क्लिप. झडपेवर बाण असतो. बूस्टरकडून इंजिनाकडे, हे ती तीनदा पुटपुटली आणि बसवण्याआधी प्रत्येक झडप फुंकून पाहिली.

ब्रेकचा मामला म्हणून आम्ही गाडी लगेच रस्त्यावर नेली नाही. संध्याकाळी तिचे आयटीआयचे सर आले. त्यांनी हातपंप आणला होता, त्याला घड्याळासारखी तबकडी. बूस्टरला तो जोडून त्यांनी १८ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम ओढला. सुई जागची हलली नाही. मग इंजिन सुरू करून मॅनिफोल्डवर पाहिले. समुद्रकाठी ही सुई आणखी दोनेक इंच वर दिसली असती. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथली हवाच विरळ, त्यात गाडीचा दोष नाही, असे सरांनी सांगितले. आम्हाला ही माहिती फार आवडली.

एक तपासणी मात्र कुणालाही जमेल अशी आहे, ती भगिनींनी आणि बांधवांनी आपापल्या गाडीवर अवश्य करावी. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. नाही गेले तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. मग इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा दाबा. पहिली एक-दोन दाबणी मऊ लागली पाहिजेत. पहिलेच दाबणे कडक लागले तर राखीव व्हॅक्यूम कुठेतरी गळतो आहे. गाडी घरी परत न आणता थेट चांगल्या मिस्त्रीकडे न्या, आणि त्याला चढ-उताराची हकिकत पूर्ण सांगा.

नळ्या, दोन झडपा, क्लिपा आणि आम्ही मोडलेली टी-जोडणी धरून खर्च झाला ३,२४० रुपये. पावत्या जपून ठेवल्या आहेत. पाईपमधले जुने तेल पुसून काढले आणि इंजिनाच्या तेलाची पातळी कांडीवर खूण करून ठेवली. महिनाभराने पाहिली, खूण जवळपास तिथेच होती. टर्बो अजून तोच आहे. सिग्नलला गाडी थरथरत नाही, शिट्टी बंद झाली. आजींना घेऊन पुढच्या तारखेला मुंबईला गेलो तेव्हा येताना कसारा घाटात पुढच्या सीटवर पुतणी होती. मागे कुणी नाही असे पाहून तिने आम्हाला जोर देऊन चढायला लावले आणि मधेच म्हणाली, "काका, आता ब्रेक." पेडल लोण्यासारखे गेले. मागून आजी म्हणाल्या, "अगं, धक्के कशाला देता?"

तिची नोकरी अजून काउंटरवरचीच आहे. अर्ज चालू आहेत. दोन ठिकाणी तिला "मुलींसाठी जागा नाही" असे तोंडावर ऐकवले गेले, एका ठिकाणी पुढच्या महिन्यात बोलावले आहे. परवा दादा बाजारातून व्हर्निअर कॅलिपर घेऊन आले, नळ्यांची मापे घ्यायला पोरीला लागतो म्हणून. कुणाला काही न बोलता त्यांनी तो तिच्या टेबलावर ठेवला. तिने तो उघडला, मिटला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, याचा शून्य जुळत नाही. बदलून आणा."

दादा पावती शोधून, चप्पल घालून, परत बाजारात गेले.